आधी कागद, मग पत्रा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कागदाचं विमान म्हटलं की आपल्याला वहीचं पान आठवतं. चार घड्या घालायच्या आणि गुरुजी फळ्याकडे वळले की विमान वर्गात सोडून द्यायचं. आज मी त्या विमानाबद्दल बोलणार नाही. मला बोलायचं आहे ते कागदाच्या प्रतिकृतीबद्दल. खऱ्या विमानाची मापं पन्नासपट लहान करायची, जाड कागदावर त्याचे सुटे भाग आखायचे, कापायचे, वळवायचे आणि डिंकानं जोडायचे. नाक, धड, पंख, शेपूट, सगळं कागदाचंच. हे विमान उडत नाही. ते टेबलावर नुसतं उभं राहतं. पण ते उभं करताना जो भूमितीचा धडा मिळतो, तो मला तरी शाळेत कधी मिळाला नव्हता.

युरोपात हा छंद जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात लाकूड आणि धातू लढाईच्या कामी गेले, तेव्हा ब्रिटनमध्ये कागदी प्रतिकृतींचे छापील संच लोकप्रिय झाले. पोलंडमध्ये १९५७ साली 'मावी मोडेलाश', म्हणजे 'छोटा प्रतिकृतिकार', नावाचं मासिक सुरू झालं. त्याच्या पानांवर जहाजांचे आणि विमानांचे सुटे भाग छापलेले असत. मुलांनी ते कापून जोडायचे. छापील भाग जोडणं हे चिकाटीचं काम. पण ते भाग मुळात कुणीतरी आखलेले असतात. गोल, फुगीर विमान सपाट कागदावर कसं मांडायचं, हे आखणाऱ्याला ठरवावं लागतं. पूर्वी ते पट्टी, कंपास आणि पेन्सिल घेऊन ठरवत. आता संगणक ते काही मिनिटांत करून देतो. या दोन रीतींमध्ये नेमका फरक काय, हे मला गेल्या वर्षी घरातच पाहायला मिळालं.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय हवाई दलातून मिग-२१ विमान निवृत्त झालं. १९६३ साली ते हवाई दलात आलं होतं. पुढे आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, ओझरच्या कारखान्यात ही विमानं तयार होऊ लागली. त्यामुळे आमच्या पिढीला या विमानाबद्दल शेजाऱ्याबद्दल वाटावी तशी आपुलकी. निवृत्तीची बातमी पाहून माझा पुतण्या म्हणाला, "चाचा, आपण याचं कागदी मॉडेल करू." तो मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. मी म्हणालो, "तू तुझ्या संगणकावर कर. मी हातानं आखतो. बघू कुणाचं उभं राहतं."

एवढी हिंमत मी कशाच्या जोरावर केली, ते सांगतो. माझे अब्बा पत्र्याचं काम करायचे. झेंडीगेटजवळ त्यांचं छोटं दुकान होतं. डबे, कोठ्या, नरसाळी, पन्हळी, पाणी तापवायचे बंब. सपाट पत्र्यातून गोल वस्तू काढायची हाच त्यांचा धंदा. नवीन मापाची वस्तू आली की ते पत्र्याला हात लावत नसत. आधी जुनं वर्तमानपत्र घेत, त्यावर आखत, कातरीनं कापत आणि गुंडाळून बघत. मापात बसलं तरच पत्रा काढत. "पहले कागज काट, बाद में पतरा," असं ते आम्हाला सांगायचे. कारण उघड होतं. कागद रद्दीतला, पत्रा विकतचा. नेहमीच्या वस्तूंचे पुठ्ठ्याचे फर्मे त्यांनी खिळ्याला टांगून ठेवले होते. मी मात्र कवितेच्या नादात त्या दुकानात कधी लक्ष घालून बसलो नाही. अब्बा गेले, दुकान गेलं, फर्मे रद्दीत गेले. एक नरसाळ्याचा फर्मा तेवढा माझ्या कपाटात राहिला. तो मला कळत नव्हता, तरी टाकवत नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणती वस्तू सपाट कागदातून होते आणि कोणती होत नाही?

सर्वांत सोपी सपाट बाजूंची वस्तू. दिवाळीचा षट्कोनी आकाशकंदील घ्या. प्रत्येक बाजू चौकोन नाहीतर त्रिकोण. आपल्या नगरच्या टँक म्युझियममध्ये गेलात तर बघा, अनेक रणगाड्यांचं धड जाड सपाट पोलादी पत्रे जोडून केलेलं असतं. असा रणगाडा कागदाचा करणं फार अवघड नाही. पण तिथेच पॅटन रणगाडाही आहे. त्याच्यावरची तोफेची घुमटी ओतीव आणि गोलसर आहे. ती बघितली की कागद घेऊन बसलेल्या माणसाला घाम फुटतो.

त्यानंतर येतं नळकांडं. कागद गुंडाळला की झालं. फक्त किती रुंद कागद घ्यायचा ते कळलं पाहिजे. अब्बांचा नियम होता, व्यासाची तिप्पट आणि वर व्यासाचा सातवा भाग. शाळेत आपण यालाच बावीस सप्तमांश म्हणतो. माझ्या मिगच्या आराखड्यात धडाचा व्यास अडीच सेंटिमीटर आला. त्याची तिप्पट साडेसात, सातवा भाग सुमारे छत्तीस शतांश. म्हणजे ७.८६ सेंटिमीटर रुंदीचा कागद, अधिक डिंकाच्या पट्टीपुरती जागा.

तिसरा प्रकार नरसाळ्याचा, म्हणजे शंकूचा. नरसाळं उभं कापून सपाट पसरलं तर त्रिकोण मिळत नाही. वर्तुळाचा एक भाग मिळतो, कलिंगडाच्या गोल चकतीतून कापलेल्या फोडीसारखा. फोडीची बाजू म्हणजे नरसाळ्याची तिरकी लांबी. फोड किती रुंद घ्यायची त्याचं सूत्र सोपं आहे. तोंडाच्या त्रिज्येला तिरक्या लांबीनं भागायचं आणि ३६० नं गुणायचं. तोंडाची त्रिज्या ५ आणि तिरकी लांबी १५ असेल तर १२० अंश येतात, म्हणजे वर्तुळाचा बरोबर तिसरा हिस्सा. नरसाळ्याचं टोक कापलं की बादलीचा आकार मिळतो. विमानाचं धड म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या अशा बादल्याच असतात. कुठे निमुळत्या, कुठे जवळजवळ सरळ.

मिगच्या नाकाची बादली आखताना माझी फजिती झाली. मागचा व्यास अडीच सेंटिमीटर, पुढचा एक पूर्णांक आठ, मधली तिरकी लांबी पाच. हिशेब केला तर कंपास जवळपास अठरा सेंटिमीटर उघडायला हवा. शाळेच्या कंपासपेटीतला कंपास तेवढा उघडतच नाही. तेव्हा आठवलं, अब्बा मोठ्या कोठीसाठी खिळा ठोकून सुतळीनं गोल आखायचे. मी टाचणी आणि दोरा घेतला. पण सूत्रात त्रिज्येच्या जागी व्यास धरला. पंचवीस अंशांची फोड हवी होती, ती पन्नासांची झाली. विमानाला हत्तीच्या पायाएवढं नाक आलं. पुतण्या हसला. मी दुसरा कागद घेतला.

नळकांडं आणि शंकू यांच्यात एक साम्य आहे. नरसाळ्यावर टोकापासून तोंडापर्यंत पट्टी ठेवा, ती पूर्ण टेकते. डब्यावर उभी पट्टी ठेवा, टेकते. चेंडूवर मात्र कुठेही ठेवा, एका बिंदूपाशीच टेकते. ज्या पृष्ठभागावर कुठल्याही दिशेनं पट्टी टेकत नाही, तो न ताणता, न फाडता सपाट होत नाही. चेंडूसारखा पृष्ठभाग असा सपाट का होऊ शकत नाही, हे कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञानं १८२७ साली कायमचं सिद्ध करून ठेवलं. संत्र्याची साल टेबलावर दाबली की ती फाटते, त्यात सालीचा दोष नसतो.

मग फुगीर वस्तू कागदात कशी आणायची? युक्ती जुनी आहे आणि ती आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. शिंपी ब्लाउजला टक्स घालतो ते यासाठीच. सपाट कापडाला फुगीर अंगावर बसवायचं तर कुठेतरी चिमटून घ्यावं लागतं. आमच्या नगरच्या मोहरमला ताबूत निघतात. त्यावर बांबूच्या कामट्या आणि कागद यांचा घुमट असतो. तो घुमट एका कागदाचा होत नाही, पाकळ्या जोडून होतो. बागरोजात अहमद निजामशहाच्या कबरीवरचा दगडी घुमट बघा आणि तो कागदात करायचा आहे असं मनात आणा. आठ पाकळ्या केल्या तर कोपरे दिसतील. सोळा केल्या तर गोलाई येईल, पण कापायचं काम दुप्पट होईल. १५०७ साली वाल्डझेमुलर या जर्मन नकाशाकारानं पृथ्वीचा गोल छापला तोही बारा पाकळ्यांचाच. त्या कापून गोळ्यावर चिकटवायच्या, की झाली पृथ्वी.

मिगमध्ये अशी जागा म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं छत आणि त्यामागचा पाठीचा उंचवटा. मी छताला सहा पाकळ्या धरल्या. प्रत्येक पाकळीची रुंदी ठिकठिकाणी मोजून बिंदू मांडले आणि ते हातानं रेषेनं जोडले. माझं आखणं, कापणं, चुकणं आणि पुन्हा आखणं धरून सगळ्याला आठ दिवस लागले.

आता संगणकाकडे वळू. पुतण्यानं आधी पडद्यावर घन विमान उभं केलं. समोरून, बाजूनं आणि वरून दिसणाऱ्या तीन आकृत्या घेतल्या आणि त्यांच्यावरून आकार वाढवत नेला. संगणकाला खरी गोलाई नको असते. तो पृष्ठभागाचे छोटे छोटे त्रिकोण आणि चौकोन करतो. त्याचं धड बत्तीस बाजूंचं होतं, पण लांबून गोलच दिसायचं. मग उलगडा करणारा कार्यक्रम चालवला. जपानमध्ये तयार झालेला 'पेपाकुरा' हा त्यातला प्रसिद्ध. जपानी लोक इंग्रजी 'पेपर क्राफ्ट' हे शब्द ज्या पद्धतीनं उच्चारतात त्यावरून हे नाव आलं. 'ब्लेंडर' या फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमातही ही सोय आहे. एक बटण दाबलं आणि अख्खं विमान सपाट होऊन कागदावर पसरलं. डिंकाच्या पट्ट्यासुद्धा त्यानंच काढल्या आणि कोणती कड कुणाला जोडायची याचे आकडेही घातले. डावा पंख उजव्याचं हुबेहूब प्रतिबिंब. माझ्या दोन पंखांत मात्र मिलिमीटरभर फरक होता. शिवाय मॉडेल मोठं करायचं तर त्याला एक आकडा बदलायचा होता. मला सगळं पहिल्यापासून आखावं लागलं असतं. दोन संध्याकाळी त्याचं काम संपलं. हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो.

पण छापलेले कागद कापायला घेतले आणि अडचणी दिसू लागल्या. छताचे आणि पाठीचे त्रिकोण इतके बारीक की चिमट्यातही धरवेनात. पडद्यावर जास्त त्रिकोण म्हणजे जास्त सुबक. कागदावर जास्त त्रिकोण म्हणजे जास्त डिंक, जास्त सुरकुत्या. दुसरी गोष्ट, त्यानं उलगडा करण्यासाठी धड कापलं होतं ते नेमकं बाजूवर, जिथे तिरंगी चक्र आणि विमानाचा क्रमांक येतो तिथेच. भूमितीच्या दृष्टीनं काही चूक नाही. कुठूनही कापलं तरी नळकांडं उलगडतंच. पण शिवण पोटाखाली हवी, जिथे ती दिसत नाही. कोणती बाजू लोक बघणार हे संगणकाला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरी अडचण जास्त शिकवणारी होती. धडाच्या दोन नळ्या एकीत एक सरकवायच्या होत्या. मापं शंभराव्या भागापर्यंत अचूक, पण नळी आत जाईना. कारण संगणकानं कागदाला जाडीच नाही असं धरलं होतं. आमचा कागद मिलिमीटरचा पाचवा हिस्सा जाड होता. एक थर दुसऱ्यावर चढला की व्यास त्याच्या दुपटीनं, म्हणजे शून्य पूर्णांक चार मिलिमीटरनं, वाढतो आणि घेर सव्वा मिलिमीटरनं. तेवढा कागद बाहेरच्या नळीला जास्त हवा होता. कार्यक्रमात हे सगळं बदलता येतं. शिवण हलवता येते, त्रिकोण कमी करता येतात, मापात जाडी धरता येते. फक्त ते बदलायला हवं हे आधी आपल्याला सुचावं लागतं.

इथे गणिताचीही एक गंमत आहे. अनेक सपाट बाजूंची वस्तू कडांवरून कापून सपाट पसरायची कल्पना जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यानं १५२५ च्या आपल्या पुस्तकात आकृत्यांसह मांडली. मात्र बाहेरच्या बाजूला फुगीर असणारी अशी प्रत्येक वस्तू फक्त कडांवरून कापून, भाग एकमेकांवर न चढता, एका अखंड तुकड्यात पसरता येते का? हा प्रश्न १९७५ साली शेफर्ड या गणितज्ञानं रीतसर विचारला. त्याचं उत्तर आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. विमानाचा आकार तर त्याहून अडनिडा. म्हणून उलगडा करणारा कार्यक्रम अडला की सरळ तुकडे पाडतो. तुकडे कुठे पाडायचे हे माणसानं बघायचं.

खऱ्या विमानांच्या कारखान्यांतही हाच बदल झाला. जुन्या काळी विमानाच्या रेषा मोठ्या जमिनीवर खऱ्या मापात आखत. वाकणारी लाकडी पट्टी घ्यायची, ठिकठिकाणी शिशाची वजनं ठेवून ती अडवायची आणि तिच्या कडेनं रेघ मारायची. भारतात आखलेलं पहिलं जेट लढाऊ विमान 'मरुत', त्याचा आराखडा ड्रॉइंग बोर्डावरचा. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ते बंगळूरला झालं. आडनाव टँक आणि केलं विमान, नगरकरांना याची मौज वाटावी. धातूचं विमान करण्याआधी त्यांनी त्याच आकाराचं, पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर उडवून बघितलं. मग १७ जून १९६१ रोजी मरुत पहिल्यांदा उडालं. पुढे त्या लाकडी पट्टीचं वळण गणितात पकडण्याचं काम फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांतल्या बेझिए आणि द कास्तेल्जो यांनी केलं, आणि वळणं संगणकात आली. आपलं तेजस संगणकावर आखलेलं. ते ४ जानेवारी २००१ रोजी उडालं. १९९४ साली उडालेलं बोइंग ७७७ हे पूर्णपणे संगणकावर आखलेलं पहिलं प्रवासी जेट. पण बोइंगच्या अभियंत्यांनाही आधी धीर झाला नव्हता. पडद्यावरचं खरं की नाही हे पडताळायला त्यांनी नाकाकडच्या भागाचा पूर्ण मापाचा नमुना करून बघितला. तो नीट जुळला, तेव्हा पुढचे नमुने रद्द केले. आधी कागद, मग पत्रा, हाच तो नियम.

तर आमच्या घरच्या सामन्याचं काय झालं? खरं सांगायचं तर दोन्ही विमानं पहिल्या खेपेला बिघडली. माझं हिशेबात चुकलं, त्याचं कापताना. तिसरं विमान आम्ही दोघांनी मिळून केलं. शिवण कुठे घ्यायची, छताला किती पाकळ्या, नळीला किती ढिलाई, हे मी कागद हातात घेऊन ठरवलं. आकडेमोड, आरसाप्रतिमा आणि छपाई त्यानं संगणकावर केली. पंखांची रुंदी खऱ्या विमानाची ७.१५ मीटर, आमच्या मिगची १४.३ सेंटिमीटर. ते सध्या आमच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी उभं आहे.

मुलांना हा छंद लावू पाहणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे, की संगणक जरूर द्या, पण त्याआधी तीन वस्तू हातानं करू द्या. एक नळकांडं, एक नरसाळं आणि पाकळ्यांचा एक चेंडू. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं, कंपास, कातर आणि डिंक, एवढं पुरतं. ज्या घरात संगणक नाही तिथेही हे होतं. आणि ज्या मुलानं या तीन वस्तू केल्या, त्याला पुढे पडद्यावरचा उलगडा बघून कुठे गडबड आहे ते लगेच कळेल. आयटीआयमध्ये पत्र्याचं काम शिकणारी मुलं हेच शिकतात. शिंपीही हेच करतो. त्याला भूमिती म्हणायची आपल्याला सवय नाही, इतकंच.

विमान झाल्यावर पुतण्यानं कपाटातला अब्बांचा फर्मा मागितला. कोनमापक लावून बघितला. एका कडेपासून आतल्या एका पुसट रेघेपर्यंत बरोबर १२० अंश. रेघेच्या पलीकडे मात्र दोन सूत पुठ्ठा जास्त होता, आणि टोकाशी कातरीनं छोटा त्रिकोण छाटलेला. "चाचा, दादांनी ही जास्तीची पट्टी कशाला ठेवली?" त्यानं विचारलं. इतकी वर्षं मलाही ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं. ती दुमड घेऊन डाख द्यायची जागा होती, आणि टोकाशी पत्र्याचे थर साचू नयेत म्हणून तो त्रिकोण छाटलेला होता. मी सांगितलं. त्यानं फर्मा कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली, आणि दुमडीची दोन सुतं आठवणीनं वेगळी दाखवली.